आवणाची आंघोळ

वसई-विरारच्या पूर्वेकडच्या चांदीपमध्ये जुलैतल्या एका सकाळी खाचराची चिखलणी उरकली होती. बांधावरच्या घमेल्यात गढूळ तपकिरी पाणी होतं. राबातून उपटलेल्या आवणाच्या मुठी काकी त्यात एकेक करून उभ्या करत होत्या. मुळं बुडावीत, पाती वर राहावीत, एवढ्या बेतानं.

"वीस मिनिटं कुणी हात लावू नका गो," त्यांनी लावणीच्या बायांना बजावलं आणि घड्याळ माझ्याकडे सोपवलं.

पाण्यात ॲझोस्पिरिलम हे जिवाणूखत कालवलेलं. पाकीट झाडाखाली ठेवलेलं, कारण ऊन लागलं की आतले जीव मरतात. पेरणीआधी हेच खत किलोला २५ ग्रॅम या मापानं बियाण्याला चोळलं होतं. त्याही आधी ३ टक्के मिठाच्या पाण्यात बी बुडवून वर तरंगलेली पळंज काढून टाकली होती.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना असे बिलगलेले असतात की भाताला ते घेताच येत नाहीत. कारखान्यात हा बंध तोडायला प्रचंड दाब आणि ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. जिवाणू तेच काम पावसाळी चिखलात करतो. त्याचं विकर लोह आणि मॉलिब्डेनमवर चालतं, मात्र प्राणवायूचा स्पर्श झाला की निकामी होतं. पाणी भरलेल्या खाचरात प्राणवायू कमी, म्हणून ही जागा त्याला मानवते. भातानंतर पेरलेला वाल उपटला तर मुळांवरच्या गाठी दिसतात, तशी एकही गाठ भाताला नसते. हे पाहुणे मुळांभोवती आणि मुळांच्या आत नुसते वस्तीला असतात. युरिया यानं पूर्ण सुटत नाही, थोडा वाचतो. मला तेवढंही मोठं वाटतं.

अशा पाहुण्यांमध्ये एक निराळं कूळ आहे, फायटोबॅक्टर. चीनमधल्या रानभातात सापडलेल्या या नत्र बांधणाऱ्या जिवाणूला २००८ मध्ये नाव मिळालं. हा रानभात आपल्या लागवडीच्या भाताचा पूर्वज. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये शिरेतून दिलं जाणारं पोषणद्रव्य दूषित झालं आणि रुग्णांच्या रक्तात हेच कूळ आढळलं. रोपात निमूट राहणारा जीव रक्तात शिरला की जिवावर उठतो. आईला सलाईन लावलं होतं तेव्हा परिचारिका दर वेळी नळीचं तोंड स्पिरिटनं पुसत असे. त्या पुसण्यात किती काळजी होती, हे मला फार उशिरा कळलं.

काकींच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. "रात्री मेंदी लावते," त्या म्हणाल्या. मी त्यांना पाय साबणानं धुवून बोटांमधली जागा कोरडी करायलाही सांगितलं. धडधाकट माणसाची कातडी चिखलातलं बरंच काही बाहेर थोपवते, पण भेगा पडलेल्या कातडीचा भरवसा धरू नये.

"झाली का वेळ?"

झाली होती. काकींनी पहिली मूठ उचलून निथळली, दोन-तीन काड्या सोडवल्या आणि अंगठ्यानं चिखलात उथळच रोवल्या. घमेल्यात उरलेलं पाणी त्यांनी वाया घालवलं नाही, खाचराच्या कोपऱ्यात ओतलं.