सीडी होऊन आलेलं नेट

डोंगल संगणकाला लावलं की ते आधी ‘मी मोडेम आहे’ असं सांगतच नसे. मी सीडी आहे, असं सांगे. ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं की तिथं नवीच एक सीडी दिसायची. तिच्यातला प्रोग्राम संगणकात बसला की तो डोंगलला एक निरोप धाडायचा, डोंगल क्षणभर नाहीसं व्हायचं आणि परत यायचं ते मोडेम होऊन. विंडोजचा उपकरण काढल्याचा आवाज, पाठोपाठ लावल्याचा आवाज. हे दोन आवाज एकामागून एक आले की समजायचं, पहिली पायरी पार झाली. एकच आवाज येऊन गप्प झालं तर पुढचं काहीही चालणार नाही, मग टॉवर दुकानाच्या छतावर असला तरी.

दुसरबीडला स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं दुकान. या दोन आवाजांचा अर्थ कळायला मला दीड वर्ष लागलं. तोवर नेट चाललं नाही की मीही बाकीच्यांसारखा दारात येऊन आकाशाकडे बघायचो आणि सांगायचो, “रेंज नाही.”

ही युक्ती होती मात्र शहाणपणाची. वेगळी सीडी द्यायची गरज नाही, ज्या संगणकाचा सीडी ड्राइव्ह बंद पडलाय तिथंही चालक प्रोग्राम डोंगलमधूनच मिळतो. आमच्याकडच्या निम्म्या संगणकांचे सीडी ड्राइव्ह धुळीनं गेलेलेच होते. तालुक्याला जाऊन कुणाकडून प्रोग्राम आणायची वेळ आमच्यावर आली नाही, ती या युक्तीमुळे.

त्याआधी ऑनलाइन काम म्हणजे प्रवास होता. बारावीचा निकाल, नोकरीचा अर्ज, इंजिनीअरिंगचे पसंतीक्रम, सगळ्यासाठी सिंदखेडराजा नाहीतर थेट जालना. आमचं गाव मेहकरकडून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, त्यामुळे एसटी मिळायची. पण जायला-यायला दिवस मोडायचा. पहिली डोंगलं आली ती सीडीएमएची, रिलायन्सची आणि टाटांची. त्यांचा डायल नंबर #७७७. जीएसएमवाल्यांचा *९९#. हे दोन नंबर मी अजूनही झोपेत सांगेन. बीएसएनएलनं २००९ मध्येच ३जी सुरू केलं होतं. खासगी कंपन्यांसाठी २०१० मध्ये ३जी लहरींचा लिलाव झाला आणि महाराष्ट्र परिमंडळात त्या टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना मिळाल्या. आयडियाच्या डोंगलचं नाव नेटसेटर. आमच्या भागात ते नाव इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीचं डोंगल म्हणजे नेटसेटरच. तलाठी, ग्रामसेवक आणि कचेरीतली माणसं मात्र त्याला डेटा कार्ड म्हणत.

लिलाव झाला म्हणून गावात ३जी आलं असं नाही. बरेच दिवस आमच्या डोंगलचा दिवा हिरवाच राहिला. हिरवा म्हणजे २जी, निळा म्हणजे ३जी. मिचमिचणारा दिवा म्हणजे अजून जोडणी नाही, स्थिर दिवा म्हणजे जोडलं गेलं. पहिल्यांदा निळा दिवा लागला तेव्हा दुकानात बसलेल्या पोरांनी गिऱ्हाइकांना हाका मारून दाखवला होता.

२०११ मध्ये राज्य सरकारनं संग्राम प्रकल्प सुरू केला, ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’चं ते आद्याक्षरी नाव. ग्रामपंचायतीत संगणक आले, ते चालवायला मुलं आली. दाखले, जमाखर्चाच्या नोंदी सगळं ऑनलाइन भरायचं. आजूबाजूच्या खेड्यांतली ही मुलं काही अडलं की डोंगल खिशात घालून माझ्याकडे यायची. माझं शिक्षण खरं तर त्यांच्यामुळे झालं. दहा डोंगलं हाताखालून गेली की कळतं, ‘नेट नाही’ हा एक आजार नाही, त्यात निदान सात-आठ आजार आहेत. संगणकाला डोंगल दिसतच नाही, हा एक. दिसतं पण सीडी म्हणूनच, हा दुसरा. सिमकार्ड तिरकं बसलंय. पॅक संपलाय. एपीएन चुकलाय, म्हणजे कंपनीच्या कुठल्या दारातून आत जायचं ते नावच चुकीचं लिहिलंय. बीएसएनएलसाठी ते ‘बीएसएनएलनेट’ होतं, आणि सिम बदललं तरी प्रोग्राममध्ये जुन्याच कंपनीचं नाव राहून गेलेलं असायचं. कधी जोडणी झालेली असते, आकडे पुढे सरकत असतात, पण पान उघडत नाही. तिथं डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ घातलं की बऱ्याचदा काम भागायचं. आणि यातलं काहीच नसेल, तर मग रेंज.

माझा अनुभव असा की दहातल्या सहा-सात वेळा गोम टॉवरपर्यंत जायच्या आतच असायची, डोंगल आणि संगणक यांच्यामधल्या वीतभर अंतरात. पण माणसं टॉवरलाच दोष देत, कारण टॉवर दिसतो आणि वीतभर तार दिसत असूनही दिसत नाही.

रेंजचं सुद्धा ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं नसतं, ती मोजता येते, हे मला एका संग्रामवाल्या मुलानं दाखवलं. डोंगलशी थेट बोलता येतं. हायपरटर्मिनल उघडायचं, मोडेमचं पोर्ट निवडायचं आणि एटीनं सुरू होणाऱ्या आज्ञा लिहायच्या. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीनं आपल्या स्मार्टमोडेमसाठी ही भाषा बसवली. एटी म्हणजे ‘अटेन्शन’, लक्ष दे. टेलिफोनच्या तारेवरच्या मोडेमसाठी केलेली ती भाषा तीस वर्षांनी आमच्या डोंगललाही तशीच कळत होती. ‘एटी+सीएसक्यू’ लिहून एंटर मारलं की डोंगल ० ते ३१ मधला एक आकडा सांगतं. ३१ म्हणजे उत्तम, ९९ म्हणजे त्याला स्वतःलाच पत्ता नाही. त्या आकड्याची दुप्पट करून उणे ११३ मध्ये मिळवली की डेसिबलचं माप निघतं.

मग मी घर आणि दुकान मोजून काढलं. वही अजून आहे. टेबलावर ६. दारात ९. वर गच्चीवर १४. पत्र्याखालचं दुकान, त्यामुळे टेबलावर सहाच येणार हे आता उघड वाटतं. लोखंडी पत्रा लहरी अडवतो. शिवाय ३जी चालायचं २१०० मेगाहर्ट्झवर आणि जुनं २जी बऱ्याच ठिकाणी ९०० वर. २१००च्या लहरी कमी अंतर जातात आणि भिंतीतून आत शिरताना जास्त दमतात. म्हणून रस्त्यावर निळा दिवा आणि घरात हिरवा, हा प्रकार गावभर होता. सगळ्यात वाईट म्हणजे काठावरची जागा. तिथं डोंगल सारखं हिरव्यातून निळ्यात आणि निळ्यातून हिरव्यात उड्या मारायचं आणि प्रत्येक उडीला फॉर्म अर्ध्यात तुटायचा. अशा जागी सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त २जी’ करून ठेवायचं. हळू चालतं, पण चालतं. रखडत का होईना फॉर्म शेवटपर्यंत जातो.

वहीत पुढचा आकडा आहे १८, आणि त्याच्यापुढे लिहिलंय ‘घमेलं’. बांधकामावरचं लोखंडी घमेलं गच्चीच्या कठड्याला टेकवून टॉवरच्या दिशेनं उभं केलं होतं आणि डोंगल त्याच्या पोटापासून वीतभर पुढे काठीला बांधलं होतं. २१०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १४ सेंटिमीटर. घमेलं तिच्या तिप्पट रुंद, म्हणून ते तिला पकडून पुढे टाकू शकतं. १४ चे १८ झाले म्हणजे ८ डेसिबल वाढले, ताकदीत सहापटीहून जास्त. हे गणित मी नंतर शिकलो. त्या दिवशी एवढंच कळलं की निळा दिवा हलत नाहीये.

विजेचं दुखणं वेगळंच. भारनियमनाच्या काळात दुकानाचा संगणक इन्व्हर्टरवर चालायचा, पण टॉवरचं जनरेटर बंद पडलं की आपल्या इन्व्हर्टरचा उपयोग शून्य. बारा जानेवारीला आणखी निराळं. जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला लाखोंनी माणसं येतात, आमच्या रस्त्यावरून दिवसभर गाड्या जातात. त्या दिवशी डोंगलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही. टॉवर सगळ्यांचा मिळून एक असतो, हे त्या दिवशी नीट समजतं. मी ऑनलाइन कामं त्या दिवशी घेत नसे. आदल्या रात्री उरकून टाकायचो.

२०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आधार थांबला. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनी आधीच जीव नकोसा केला होता. एका जुन्या संगणकावर मी उबुंटू टाकलं. डोंगल लावलं, आणि ते आपलं पुन्हा सीडी. विंडोजचा प्रोग्राम तिथं चालेना, मग त्याला निरोप कोण देणार? हा प्रश्न जगभरच्या लोकांना पडला होता आणि जोसुआ डीट्झे नावाच्या माणसानं त्यासाठी ‘यूएसबी मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम लिहून सर्वांना मोकळा करून दिला होता. नेटशिवाय नेट चालू करायचा प्रोग्राम आणायचा कसा? जालन्याहून पेनड्राइव्हवर आणला. आधी ‘एलएसयूएसबी’ लिहून पाहिलं तर माझ्या हुवावेच्या पांढऱ्या काडीची ओळख १२डी१:१४४६ अशी दिसत होती. प्रोग्राम बसवून परत पाहिलं तर १२डी१:१००१. काडी तीच, जागा तीच, ओळखीचे शेवटचे तीन आकडे बदलले आणि सीडीचं मोडेम झालं. तो बदल पडद्यावर बघताना झालेला आनंद मला नीट सांगता येणार नाही. दीड वर्ष जे दोन आवाज नुसते ऐकले होते, ते त्या दिवशी अक्षरांत वाचायला मिळाले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्षभरात गाव ४जीवर गेलं. डोंगल टेबलाच्या खणात गेलं. ते बाहेर निघालं ते पुढच्या सप्टेंबरात.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, पण अर्ज ऑनलाइन. २४ जुलैपासून अर्ज सुरू झाले. मुदत १५ सप्टेंबरची होती, ती वाढून २२ सप्टेंबर झाली. नवरा-बायको दोघांची माहिती, आधारची पडताळणी, अंगठ्याचा ठसा. निंदण-खुरपण करून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. एकेका अंगठ्याला दहा-दहा वेळा यंत्रावर ठेवायचं. शेवटच्या संध्याकाळी दुकानाबाहेर माणसं पायरीवर, मोटारसायकलवर, पोत्यांवर बसलेली. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला होता, पण सगळा गाव एकाच ४जीवर. पान फिरतंय ते फिरतंय.

तेव्हा खणातलं डोंगल आठवलं. सगळी माणसं ४जीवर गेली म्हणजे ३जीचा रस्ता मोकळा असणार. गच्चीवर न्यायला वेळ नव्हता, म्हणून लांब यूएसबी तार लावून दारात टांगलं. निळा दिवा. जोडणी झाली. अर्ज पाठवायचं बटण दाबलं की तुटली. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटली. चौथ्या वेळेला एका काकांनी हळूच विचारलं, “भाऊ, आमच्याच नशिबात टॉवर नाही का?” त्यांच्याशेजारी काकू हातात आधार कार्डाच्या दोन प्रती घट्ट धरून बसल्या होत्या. दुपारपासून बसल्या होत्या.

मी मुद्दाम खुर्चीतून उठलो, दोन मिनिटं काही केलं नाही. जोडणी होते म्हणजे सिम ठीक, एपीएन ठीक, टॉवर आहे. पान उघडतं म्हणजे डीएनएस ठीक. तुटते कधी? फक्त आपण पाठवतो तेव्हा. घेताना डोंगल नुसतं ऐकतं. पाठवताना त्याला ओरडावं लागतं, आणि टॉवर जितका लांब तितकं जास्त ओरडावं लागतं. त्याला वीज लागते. यूएसबी २.०च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळायला हवेत. माझी तार स्वस्तातली, आतलं तांबं केसाएवढं, आणि लावलेली कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला. डोंगल उपाशी होतं.

तार काढून टाकली. काकांना म्हटलं, “काका, जरा हात लावा.” आम्ही दोघांनी टेबलासकट संगणक उचलून दारात आणला, कॅबिनेट उलटं फिरवलं आणि डोंगल मागच्या पोर्टला थेट लावलं. दोन आवाज. निळा दिवा. बटण दाबलं. पोचपावतीचं पान आलं तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या; प्रिंट निघेपर्यंत उभ्याच होत्या. त्या रात्री त्या दारातून सतरा अर्ज गेले.

पुढच्या वर्षी महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो आम्ही ४जीवरच काढला. ऑगस्ट २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या, २०१९ मध्ये टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, आणि हळूहळू खासगी कंपन्यांचं ३जी बंद झालं. निळा दिवा लागायचं कारणच उरलं नाही. डिसेंबर २०२२ पासून गावाजवळून समृद्धी महामार्ग वाहतोय. दुकानात आता काचेची तार आहे, पण अजून कुणी “नेट नाही” म्हटलं की मी आधी वाकून मागची वायर बघतो.

पांढरी काडी टेबलावरच असते. तिच्या कडेला मेमरी कार्डाची खाच आहे. लग्नसराईत फोटो काढणारी मुलं छोटी कार्डं घेऊन येतात, तेव्हा ती कार्ड वाचायच्या कामी येते. नव्या संगणकाला लावली की आधी तेच. पडद्यावर सीडीचं चित्र उमटतं, बाजूला बंद झालेल्या जाळ्याचं बोधचिन्ह. परवा एका मुलानं विचारलं, “काका, यात सीडी कुठंय?” मी म्हटलं, “थांब, अजून एक आवाज येईल.”