स्वयंपाकघरातील कपाटे : वजन खाली, जोड पक्के

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आलेल्या असतात. पुरणाचे यंत्र आणि मोठे पितळी पातेले ओट्यावरच्या कपाटात, अगदी छताजवळ ठेवलेले असते, कारण वर्षातून दोनतीनदाच ते लागते. सून कामावरून यायची असते, मुलगा बाजारात गेलेला असतो. ‘एवढ्याशा कामासाठी कोणाला हाक मारायची?’ असे म्हणत सत्तरी ओलांडलेल्या आजी प्लॅस्टिकचे स्टूल ओढतात आणि त्यावर चढतात. पुढे काय घडते, हे नांदेड-लातूरकडच्या अनेक कुटुंबांना सांगावे लागत नाही. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यात खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, महिनोन्महिने अंथरूण आणि त्यानंतर कायमचे परावलंबन असा प्रवास सुरू होऊ शकतो.

स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की घरात चर्चा होते ती रंगाची, चकाकीची आणि खर्चाची. वस्तुतः ही कपाटे पुढची पंधरावीस वर्षे घरातील वडीलधाऱ्यांच्या कंबरेशी, गुडघ्यांशी आणि श्वासाशी जोडलेली राहणार असतात. म्हणून साहित्य आणि बांधणी यांची निवड हा आरोग्याचाही प्रश्न समजावा.

हाताच्या टप्प्यातले स्वयंपाकघर

आपल्या जुन्या घरांतील फडताळ, कोनाडा आणि मांडणी यांची उंची वापरणाऱ्या बाईच्या हाताला बेतलेली असे. नव्या पद्धतीत भिंतीची प्रत्येक इंच जागा वापरण्याच्या हौसेने कपाटे छताला भिडली. वृद्ध माणूस असलेल्या घरात रोजची प्रत्येक वस्तू गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असावी, हा पहिला नियम. त्याहून वर ठेवायचेच असेल तर ते हलके असावे आणि काढण्याचे काम तरुणांकडे असावे.

ओट्याखाली खोल फळ्यांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण किंवा ट्रॉल्या कराव्यात. फळीच्या मागच्या कोपऱ्यातला डबा काढण्यासाठी वाकून, गुडघे टेकून आत डोकवावे लागते. तोच डबा खणात असेल तर उभ्या उभ्या हाती येतो. ओट्याची उंची ठरवताना रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे कोपर मोजावे. कोपराच्या साधारण चार ते सहा इंच खाली ओटा आला तर खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही.

डोक्यावरचे वजन

वजन आणि जोड यांचा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचा जड भार कोसळल्याने बहुतेक बळी गेले. कित्येक ठिकाणी एकमेकांत नीट गुंतवलेले लाकडी खांब आणि तुळया मात्र उभ्या राहिल्या होत्या. भूमी अजूनही अधूनमधून हलते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडमध्येही जाणवला होता. असा धक्का घर पाडत नाही, परंतु कच्च्या खिळ्यांवर टांगलेले, भांड्यांनी भरलेले कपाट खाली आणू शकतो. आणि त्या कपाटाखाली बहुधा कोणीतरी चहा करत उभे असते.

भिंतीवरचे कपाट गिलाव्याच्या थरात अडकवलेल्या स्क्रूवर कधीही टांगू नये. भाजक्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खोलवर जाणारे अँकर बोल्ट वापरावेत. भिंतीला आडवी पोलादी पट्टी बसवून तिच्यावर कपाट टांगले तर भार विभागला जातो. कपाटाची पाठ ३ मिलिमीटरच्या पातळ पत्र्यासारख्या फळीची नसावी; किमान ६ मिलिमीटरची असावी आणि खाचेत बसवलेली असावी. घर दगडमातीचे किंवा कच्च्या विटांचे असेल तर भिंतीवर कपाट टांगूच नये. त्याऐवजी जमिनीवर उभे राहणारे, भिंतीला मागून बांधलेले फडताळ करावे. वरच्या दारांना काच लावण्याचा मोह टाळावा.

दिसत नाही ते आधी पाहावे

दुकानात आपल्याला सनमायका दाखवला जातो. कपाटाचे आयुष्य ठरते ते त्याच्या आतील फळीवर. या फळ्यांचे मुख्य प्रकार असे.

पार्टिकल बोर्ड : लाकडाचे बारीक तुकडे आणि चिकटद्रव्य दाबून केलेला. स्वस्त असतो, परंतु पाणी लागताच फुगतो, पुन्हा मूळ आकारात येत नाही आणि स्क्रूची पकड सुटते. सैल झालेले दार एखाद्या दिवशी हातात येते.

एमडीएफ : लाकडाच्या तंतूंपासून केलेला, गुळगुळीत आणि जड. रंगकामाला उत्तम, परंतु साध्या एमडीएफलाही ओल सोसत नाही.

प्लायवूड : लाकडाचे पातळ थर आडवेउभे चिकटवून केलेले. यात ‘एमआर’ म्हणजे केवळ दमट हवा सोसणारे. ते पाण्यात टिकत नाही. ‘बीडब्ल्यूआर’ उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरते. ‘मरीन’ प्लाय आयएस ७१० या मानकानुसार असते आणि त्याच्या चिकटद्रव्याची कसोटी ७२ तास पाण्यात उकळून घेतली जाते. ‘वॉटरप्रूफ आहे’ या तोंडी शब्दावर विसंबू नये. फळीवरील आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक कापण्यापूर्वी पाहावा. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळता येतो. घरातील नातवंडे हे काम दोन मिनिटांत करून देतील.

पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी : पाणी आणि वाळवी यांना दाद देत नाहीत. मात्र पीव्हीसी आचेने मऊ पडते, म्हणून शेगडीजवळ नको. पोकळ फळीत स्क्रूची पकडही कमी असते.

कडप्पा : आपल्याकडची जुनी, समजुतीची निवड. ओट्याखाली कडप्प्याचे उभे भाग, त्यात पोलादी ट्रॉल्या आणि समोर हलकी दारे. पाणी, वाळवी आणि वास या तिन्ही काळज्या मिटतात. हा दगड जड असल्याने तो खालीच वापरावा. चुनखडीचा असल्याने त्यावर लिंबू-चिंचेचे डाग पडतात, ते लगेच पुसावेत.

सर्व कपाटे महागड्या फळीची करणे परवडत नसेल तर क्रम ठरवावा. सिंकखालचा भाग कडप्प्याचा किंवा मरीन प्लायचा, खालची इतर कपाटे बीडब्ल्यूआरची. आणि वरची कपाटे कमीत कमी. वरच्या कपाटांवर वाचलेले पैसे चांगल्या खणांवर खर्च करावेत.

पाणी आणि वाळवी

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या आठवणीतून असो वा रोजच्या गरजेतून, आपल्याकडे स्वयंपाकघरात हंडे, पिंप, बादल्या भरून ठेवण्याची सवय आहे. त्यातले पाणी सांडते, फरशीवर साचते आणि कपाटाच्या खालच्या कडेतून वर चढते. म्हणून कपाटाचा कोणताही लाकडी भाग जमिनीला टेकता कामा नये. खाली चार इंचांचे प्लॅस्टिकचे किंवा पोलादी पाय असावेत आणि समोरची पट्टी काढता येण्याजोगी असावी, म्हणजे झाडता-पुसता येते आणि वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते.

फळीच्या कापलेल्या सर्व कडा, मागच्या आणि खालच्यादेखील, पट्टी लावून बंद केलेल्या असाव्यात. पाणी शिरते ते बहुधा न दिसणाऱ्या कडेतूनच. सनमायका बाहेरून असेल तर आतूनही पातळ थर असावा. एकाच बाजूने लावल्यास दार वाकते आणि नीट मिटत नाही. ओल राहिली की बुरशी येते, झुरळे येतात, आणि दम्याच्या रुग्णाला दोन्हींचा त्रास होतो.

नव्या कपाटाचा वास

नवी कपाटे बसल्यावर डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. फळ्यांच्या चिकटद्रव्यातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायू हे त्याचे एक प्रमुख कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातला. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो. चाळिशी पार करणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात बंद स्वयंपाकघर म्हणूनच विशेष त्रासदायक ठरते.

फळी घेताना ‘ई-१’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची, म्हणजे ‘ई-०’ श्रेणीची मागावी. बंद केलेल्या कडा येथेही उपयोगी पडतात, कारण वायू उघड्या कडेतून जास्त सुटतो. काम संपल्यावर काही दिवस सर्व दारे, खण आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात व त्यानंतरच धान्य भरावे. फळ्या कापण्याचे काम अंगणात किंवा गच्चीवर करून घ्यावे. ती बारीक धूळ छातीसाठी वाईट. दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या वडीलधाऱ्यांना शक्य असल्यास तेवढे दिवस लेकीकडे अथवा भावाकडे पाठवावे. धाप वाढली तर ती वासाची म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

हाताला मानवणाऱ्या गोष्टी

संधिवाताच्या बोटांना छोटी गोल मूठ धरवत नाही. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, चार बोटे आत जातील अशी मूठ घ्यावी. दाराच्या रंगाहून मुठीचा रंग वेगळा असावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यामुळे ती दिसते. अति चकाकणारा पृष्ठभाग टाळावा. वरच्या कपाटाखाली दिव्याची पट्टी लावल्यास चिरताना स्वतःचीच सावली आड येत नाही. ओट्याचे आणि दारांचे कोपरे गोल करून घ्यावेत.

खणाचे चॅनेल किती किलो भार पेलते हे विचारावे. डाळी-तांदळाच्या डब्यांसाठी पंचेचाळीस किलोचे बरे. खण ओढून निसटू नये म्हणून शेवटी अटकाव हवा. पोलाद ३०४ प्रतीचे मागावे, त्याला गंज सहसा लागत नाही. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, हा समज चुकीचा आहे. हलक्या २०२ प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून प्रत बिलावर लिहून घ्यावी.

सुताराशी बोलताना

काम ठरवण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर उतरवाव्यात.

१. प्रत्येक कपाटासाठी कोणती फळी, किती जाडी (सांगाड्याला १८ मिलिमीटर योग्य) आणि कोणते मानक.

२. मागची फळी किती जाडीची. सर्व कडा बंद करणार का.

३. भिंतीवर टांगण्याची पद्धत व बोल्टची खोली.

४. बिजागऱ्या आणि चॅनेल यांची प्रत, भार आणि हमी.

५. फळीचा उरलेला तुकडा आपल्याला मिळणार का. बीडब्ल्यूआर म्हणून दिलेला तुकडा आठ तास पाण्यात उकळून पाहावा. थर सुटले तर ती फळी त्या प्रतीची नाही. अर्थात ही परीक्षा काम सुरू होण्यापूर्वी, नमुन्यावर घेतलेली उत्तम.

आणखी एक गोष्ट कागदाआधी करावी. ओट्याचा नकाशा आखला जाईल त्या दिवशी आजींना तेथे उभे करावे, हात सहज वर न्यायला सांगावा आणि बोटे पोहोचतात तेथे भिंतीवर खडूने रेघ ओढावी. त्या रेघेच्या वर पुरणाचे यंत्र जाणार नाही, एवढे ठरले तरी पुढच्या महालक्ष्म्यांना स्टूल ओढण्याची वेळ येणार नाही.