तयार भिंतींच्या इमारतीतील सांधा

भिंती व स्लॅब कारखान्यात ओतून जागेवर केवळ जोडावयाचे, या पद्धतीस पूर्वरचित बांधकाम म्हणतात. कुंपणासाठी गावोगाव वापरल्या जाणाऱ्या सिमेंटच्या तयार फळ्या याच कुळातील होत. काम जलद होते हे खरे. परंतु इमारतीचे बळ सांध्यांवर अवलंबून राहते.

लंडनमधील रोनन पॉइंट ही अशीच २२ मजली इमारत होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे तिच्या १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. कोपऱ्यातील भिंत बाहेर फेकली जाताच वरचे मजले निराधार होऊन खाली आले व त्यांच्या भाराने खालचेही कोसळले. चार माणसे दगावली. स्फोट फार मोठा नव्हता. एक भिंत गेली असता भार वाहून नेण्यास दुसरा मार्गच आराखड्यात नव्हता.

आज असा आराखडा संगणकावर त्रिमितीय प्रतिकृतीच्या रूपाने रचतात. प्रत्येक भिंतीचे माप, वजन, आतील सळया व सांधे तीत नोंदलेले असतात. सांध्यात दोन सळया एकमेकींच्या आड येत असल्यास ते साचा भरण्यापूर्वीच कळते. हा लाभ लहान नव्हे, कारण साच्यातील एक चूक शंभर भिंतींत उतरते. त्याहून महत्त्वाचे असे की, प्रतिकृतीतील एखादी भिंत काढून भार कोठे वळतो, हे गणिताने पाहता येते. (पत्त्यांच्या बंगल्यातील एक पान काढून शिक्षकांस हेच वर्गात दाखविता येईल.)

१९८६ मध्ये रोनन पॉइंट उतरविताना मात्र काही सांध्यांत काँक्रीटऐवजी वर्तमानपत्राचे कागद निघाले. असा दोष प्रतिकृतीत उमटत नाही. तो सांधा भरला जात असतानाच जागेवर पाहावा लागतो.