ग्लाशह्यूटेचे हात

चांदीची खाण आटली की तिच्यावर पोसलेले गावही खचते. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगराळ भागातले ग्लाशह्यूटे एकोणिसाव्या शतकात असेच हलाखीत सापडले होते. ड्रेस्डेनचे घड्याळजी फर्डिनांड अडोल्फ लांगे यांनी सरकारकडे कर्ज मागितले आणि त्या बदल्यात गावातल्या पोरांना घड्याळे करायला शिकवण्याची हमी दिली. ७ डिसेंबर १८४५ रोजी पंधरा शिकाऊ मुलांना घेऊन त्यांनी कारखाना सुरू केला. तयार झालेल्या कारागिरांना ते स्वतःचा धंदा काढायला उत्तेजन देत. कोणी स्क्रू करू लागला, कोणी चाके. पुढे अठरा वर्षे ते गावाचे महापौरही होते. ‘आ. लांगे उंड झ्योने’ म्हणजे ‘लांगे आणि मुलगे’ हे नाव मात्र १८६८ मध्ये मुलगा रिशार्ड भागीदार झाल्यावर आले.

लांगे घड्याळ पाठीमागून पाहावे. बहुतेक चाकांच्या आसांची वरची टोके एकाच मोठ्या ताटलीत बसलेली असतात. तिने यंत्राचा सुमारे पाऊण भाग झाकला जातो, म्हणून ती ‘थ्री-क्वार्टर प्लेट’. यंत्राला तिने स्थैर्य येते, पण जोडणाऱ्याचा कस लागतो: ताटली बसवताना सगळ्या आसांची टोके एकाच वेळी आपापल्या माणकाच्या छिद्रात जावी लागतात.

ताटली जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताची. तिच्यावर मुलामा नसतो, त्यामुळे बोटाचा ठसासुद्धा डाग पाडतो; वर्षे जातात तसा तिला मधासारखा रंग चढतो. प्रत्येक घड्याळ आधी जोडून, चालवून, वेळेला लावून पाहतात. मग पुन्हा सुटे करतात, भाग स्वच्छ करून त्यांच्यावर अखेरचा हात फिरवतात आणि नव्याने जोडतात. बॅलन्स व्हील धरणाऱ्या इवल्याशा पट्टीवरची फुले हाताने कोरलेली असतात. ती कोणी कोरली, हे जाणकाराला वळणावरून ओळखता येते. एवढी मेहनत घड्याळाच्या पाठीवर! या घराण्याची खरी श्रीमंती सोन्याच्या केसपेक्षा इथेच दिसते.

८ मे १९४५ रोजी, युद्धाच्या शेवटच्या दिवशी, बॉम्बहल्ल्यात मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर हा भाग सोव्हिएत अमलाखाली गेला; १९४८ मध्ये कंपनी सरकारजमा झाली आणि पुढे गावातल्या इतर कारखान्यांबरोबर एका सरकारी उद्योगात विलीन झाली. संस्थापकांचे पणतू वाल्टर लांगे पश्चिमेकडे निघून गेले. तबकडीवरून लांगे हे नाव गेले, पण गावात घड्याळे होतच राहिली. जर्मनी पुन्हा एक झाल्यावर झालेल्या कंपनीच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय वाल्टर आणि त्यांचे सहकारी ग्युंटर ब्ल्यूमलाइन यांना देतात ते योग्यच. मात्र ७ डिसेंबर १९९० रोजी कंपनी पुन्हा नोंदवली गेली तेव्हा गावात घड्याळाची जाण शिल्लक होती, ती मधल्या काळात तिथे घड्याळे करत राहिलेल्या कारागिरांमुळे.

२४ ऑक्टोबर १९९४ रोजी ड्रेस्डेनमध्ये चार नवी घड्याळे मांडली गेली. त्यांतल्या ‘लांगे १’ची तबकडी एका बाजूला सरकलेली, आणि तारीख ठसठशीत, दोन खिडक्यांत. या तारखेची प्रेरणा ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहातले, दर पाच मिनिटांनी आकडा बदलणारे घड्याळ. ते संस्थापक लांगे यांचे गुरू आणि सासरे गुटकेस यांनी केले होते. ‘लांगे १’मध्ये एककाची एक चकती आणि दशकाचा एक क्रॉस असतो. ३१ नंतर १ तारीख येते तेव्हा चकती जागची हलत नाही. फक्त क्रॉस फिरतो आणि ‘३’च्या जागी कोरी बाजू येते.

आज त्याच गावात ‘ग्लाशह्यूटे ओरिगिनाल’ आणि ‘नोमोस’ही घड्याळे करतात. तबकडीवर गावाचे नाव कोणी लावावे, याचे नियम २०२२ पासून जर्मन सरकारने अध्यादेशाने बांधून दिले आहेत: यंत्राच्या मूल्यातला निम्म्याहून अधिक वाटा ग्लाशह्यूटेतल्या कामाचा असला पाहिजे.