जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी चेसिस नंबर बघा, चकाकी नंतर

चाकणला शॉप टाकून दोन पैसे सुटले, की डोक्यात स्पोर्ट्स कार घुमायला लागते. त्यात डीसी अवंती! 2012 च्या ऑटो एक्स्पोत आलेली आपली भारतीय स्पोर्ट्स कार. मोजक्याच बनल्या, म्हणून भाव खाते.

पण डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी अशीच एक अवंती जप्त केली. आरोप काय? त्याच इंजिन-चेसिस नंबरावर दुसऱ्या राज्यातही नोंदणी. पुढे एकाच गाडीवर अनेक कर्जं काढल्याचाही आरोप झाला.

म्हणून क्रम पाळा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. एम-परिवहन ॲपवर फायनान्सरचं नाव दिसतंय का बघा. दिसलं, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी मागा. इंजिन रेनोचं आहे, पण बंपर फुटला तर कुठून आणणार, हेही विचारून ठेवा.

आणि पैसा? जॉबवर्कचं पेमेंट लांबलं आणि पगाराची तारीख आली, तर अवंतीला त्याच दिवशी गिऱ्हाईक मिळत नाही. खेळत्या भांडवलाला हात लावू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून जो नफा उरेल, त्यातून खुशाल शौक करा.