ओला चमचा आणि क्रीमची डबी

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. क्रीमच्या डबीत मात्र ओले बोट बिनदिक्कत जाते, आणि डबीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ असे छापलेले असले की ती अधिकच निर्धोक वाटू लागते. माझ्या मते ही समजूत मुळातच उलटी आहे. त्वचेवर लावायच्या वस्तूत पहिली भीती पाण्याची असते. खोबरेल तेलाला किंवा कोरड्या उटण्याला जंतुनाशक काही घालावे लागत नाही, कारण जंतूंना वाढायला लागणारे पाणीच तिथे नसते. तेच उटणे दुधात कालवून वाटी तशीच ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती नाकाजवळ धरवत नाही. लोशनमध्ये सर्वांत मोठा वाटा बहुधा पाण्याचाच असतो, शिवाय जंतूंना आवडणारे इतर पदार्थही असतात. ते कारखान्यातून स्वच्छ निघाले तरी पुढचे कित्येक महिने रोज त्यात बोट जाणार असते. प्रिझर्व्हेटिव्ह असते ते या महिन्यांसाठी.

खराब झाले तर वासावरून कळेलच, असे अनेकांना वाटते. पण जंतूंची संख्या धोक्याच्या पातळीला गेली तरी क्रीम पांढरेशुभ्र आणि सुगंधी राहू शकते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा उत्पादनाच्या 1 ग्रॅममध्ये 1000 पर्यंत जंतू चालतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी आणि डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंत ही मर्यादा 100 आहे, आणि स्युडोमोनस एरुजिनोसासारखा जंतू तर मुळीच चालत नाही. याला कारण आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी दूषित मस्काऱ्यामुळे बुबुळाला झालेल्या जखमांची नोंद केली. मस्काऱ्याची काडी लागून ओरखडा उठला आणि तिच्यावरच्या स्युडोमोनसला आत शिरायला वाट मिळाली.

घरगुती वस्तूंबाबत आपण फारच भाबडे असतो. कोरफडीचे पान चिरून, चमच्याने गर खरवडून, मिक्सरमधून फिरवून बाटलीत भरला आणि त्यात ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडली की तो टिकेल, असा समज आहे. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही. जंतूंना ते अडवत नाही. फ्रिजमध्येही त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही. ‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून गाजलेल्या ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काची गोष्ट तर ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी 1999 मध्ये बाजारातले असे सहा अर्क तपासले. त्यांतले पाच जंतूंना रोखत होते, आणि त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले. काहींत ट्रायक्लोसान आणि मिथाइलपॅराबेनही होते. ज्या एका अर्कात असे काहीच नव्हते, त्याने जंतूंना रोखलेही नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हांबद्दल शास्त्रज्ञांनीच शंका घेतली होती ना? घेतली होती. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेन आढळले. पण निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्धही झाले नाही. काही पॅराबेन इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम दाखवतात, हेही खरे. म्हणूनच युरोपीय संघाने 2014 मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिल यांची मर्यादा कमी केली, मिथाइल आणि इथाइल मात्र पूर्वीच्या मर्यादेत चालू ठेवले. एकेका रसायनाचा असा वेगवेगळा निवाडा करणे मला शहाणपणाचे वाटते. सरसकट भीतीने काय होते तेही दिसले आहे. पॅराबेन टाळण्याच्या धडपडीत ज्या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हांना वाव मिळाला त्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन होते. त्याने युरोपात इतक्या लोकांना ॲलर्जी झाली, की अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत ते 2017 पासून बंद करावे लागले. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संस्था दरवर्षी एका ॲलर्जीकारक पदार्थाकडे लक्ष वेधते. 2013 मध्ये तिने या रसायनाचे नाव घेतले. 2019 मध्ये पॅराबेनचे घेतले, पण ते ॲलर्जी क्वचितच करतात हे सांगण्यासाठी!

म्हणून ‘पॅराबेन-फ्री’ वाचल्यावर बाटली उलटी करून त्याऐवजी काय घातले आहे ते घटकांच्या यादीत पाहावे. उघड्या झाकणाच्या चित्रावर 12एम असेल तर उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. उघड्या तोंडाच्या डबीपेक्षा नळी किंवा पंपाची बाटली बरी, कारण तिच्यात बोट जात नाही. आणि कोरफडीचा गर हवाच असेल तर पान कुंडीतच राहू द्यावे, त्या वेळेपुरता तुकडा कापावा.