राहुरीच्या वाटेवरची एक आजी



राहुरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? महात्मा फुले कृषी विद्यापीठ. १९६८ साली ते स्थापन झाले आणि तेव्हापासून बियाण्यासाठी, शिवारफेरीसाठी आपली पावले राहुरीकडे वळत आली. मीही माझ्या नोकरीत किती वेळा शेतकऱ्यांना घेऊन तिथे गेलो याची मोजदाद नाही. पण आज बियाण्याची किंवा खताची गोष्ट सांगायची नाही. विद्यापीठाच्या कितीतरी आधी त्याच राहुरीत राहून गेलेल्या एका बाईची गोष्ट सांगायची आहे. ती शाळेची पायरी चढली नव्हती, आणि तरीही तिचे पुस्तक आज महाविद्यालयात अभ्यासाला लावतात. या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडील फार सोवळ्याचे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य धुवायचे, साखर धुवायची, मीठसुद्धा धुवायचे! आता धुतलेल्या मिठातले किती घरात पोचत असेल ते तुम्हीच ठरवा. अशा घरातली ही पोर अकराव्या वर्षी लग्न होऊन नारायण वामन टिळकांच्या घरी आली.

टिळक मोठे कवी, मोठे विद्वान. पण संसाराला लागतो तो हिशेब त्यांच्यापाशी नव्हता. हातातला पैसा घरी पोचेपर्यंत टिकायचा नाही. वाटेत कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा. एका गावी पाय टिकायचा नाही. रागही तसाच, आला की वळवाच्या पावसासारखा. अशा माणसाबरोबर संसार ओढणे म्हणजे काय, हे आमच्या भगिनींना वेगळे सांगायला नको. पण एक गोष्ट मात्र त्याच नवऱ्याने केली. बायकोला लिहायला वाचायला शिकवले. त्या शिकवणीचे फळ पुढे पन्नास वर्षांनी आले. आंब्याचे कलम लावणाऱ्याने एवढा धीर धरला नसता!

घर मोडले, पण माणूस मोडले नाही

१८९५ साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायकोला विश्वासात घेतले नव्हते. त्या काळी याचा अर्थ काय होता, तो ध्यानात घ्या. नवरा जिवंत, पण घर गेले. पदरात लहानगा दत्तू. लोकांची तोंडे सुटलेली. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षे अशी ताटातुटीत गेली.

पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या. आल्या, पण आपला धर्म सांभाळून आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. आजही जे पुष्कळांना जमत नाही, ते त्या काळी या दोघांनी करून दाखवले.

मग राहुरीचा मुक्काम आला. तिथे लक्ष्मीबाईंचे मन आतल्या आत मंथन करीत होते. जात देवाने केली की माणसाने? विचार करता करता त्यांचे उत्तर ठरले, की ही माणसाचीच करणी. एकदा ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला सुरुवात केली. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक! कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, नवऱ्याने सांगितले म्हणून तर नव्हेच. स्वतःच्या मनाला पटले तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, पण स्वतःच्या पायांनी चालत.

पोटची आणि मानलेली

तो काळही कसला होता! १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ. जुनी माणसे त्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. माणसे अन्नावाचून गेली, मुले उघडी पडली. टिळकांनी अशी अनाथ पोरे घरी आणायची आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना खाऊ घालायचे, असे चालले. घरात काय शिल्लक आहे, हे बघायचे काम अर्थात त्यांचेच. नगरला प्लेग आला तेव्हा आजारी मुलींच्या शुश्रूषेला त्या उभ्या राहिल्या. ज्या रोगाच्या भीतीने सख्खे नातेवाईक घर सोडून रानात जात, त्या रोग्यांजवळ ही बाई बसली.

'बालकवी' हे नाव तुमच्या मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेच असेल. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्यांचे खरे नाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात हा पोरसवदा कवी सर्वांच्या नजरेत भरला, आणि टिळक त्याला आपल्या घरी घेऊन आले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वाढवले. त्याचे रुसवे काढले, लाड केले. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला. पुढच्याच वर्षी, १९१९ साली, टिळकही गेले. एका वर्षाच्या अंतराने मानलेला मुलगा आणि नवरा. पन्नाशीतली बाई रिकाम्या घरात राहिली.

नवऱ्याचे राहिलेले काम

टिळकांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य लिहायला घेतले होते. दहाएक अध्याय झाले आणि ते गेले. अर्धी नांगरलेली जमीन तशीच टाकणे कुणब्याच्या जिवाला लागते. लक्ष्मीबाईंनी नांगर हाती धरला आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहून काढले. दहा आणि चौसष्ट, हा हिशेब मुद्दाम लक्षात ठेवा. ज्या बाईला नवऱ्याने अक्षर ओळखायला शिकवले, तिने त्याचे काम त्याच्या सहापट पुढे नेले.

त्यांची श्रद्धा ही अशी होती. ती देवळात दिसण्यापेक्षा भाकरीत, आजाऱ्याच्या उशाशी आणि रोजच्या कामात जास्त दिसायची. धर्म कोणताही असो, तो असा दिसला की त्याच्यापुढे मान आपोआप लवते.

उतारवयात त्या मुलगा देवदत्त, म्हणजे लहानपणचा दत्तू, सून आणि नातवंडे यांच्यात राहिल्या. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. तो आईला म्हणाला, तुझ्या आठवणी लिहून काढ. आईने लिहायला घेतले. नवऱ्याचे चरित्र लिहिता लिहिता तिचे स्वतःचेच चरित्र तयार झाले. तेच 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग बाहेर आला तेव्हा त्या नव्हत्या. १९३६ साली नाशिकला त्यांनी देह ठेवला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या या पुस्तकाची टिपा आणि संदर्भांसह आवृत्ती सिद्ध केली. आजीने लिहिले, मुलाने लिहायला लावले, नातवाने जपले. तीन पिढ्यांनी मिळून राखलेले हे बियाणे आहे.

पुस्तकात अवघड शब्द नाही. ओसरीवर बसून निवडण-टिपण करता करता एखादी आजी बोलते, तशी भाषा आहे. दुःखाची गोष्टसुद्धा हसत सांगितलेली, आणि स्वतःची फजिती तर आधी सांगितलेली.

आता तुमच्या घरातली आजी

आता माझी एक चूक सांगतो. माझी आजी तूर आणि मूग वर्षभर टिकवायची. कशाला राख, कशाला कडुनिंबाचा पाला, कशाला एरंडेल तेलाचा हात, कुठल्या उन्हात किती दिवस वाळवण, सारे तिच्या बोटांवर. मी बी.एस्सी. होऊन आलो आणि गावोगाव धान्य साठवणीवर व्याख्याने देऊ लागलो. पण घरातल्या त्या म्हातारीला मी एकदाही वही घेऊन विचारले नाही. ती गेली. तिच्या कणगीत कधी भुंगा का पडला नाही, ते मला आजही पुरते सांगता येत नाही. शिक्षण माझे झाले होते, पण विचारायची अक्कल देवदत्ताची होती.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे. तुमच्या घरातही एखादी आजी असेल. बहात्तरचा दुष्काळ तिने पाहिला असेल. खडी फोडून, सुकडी खाऊन पोरे जगवली असतील. कुठली विहीर कधी आटली, कुठले वाण कधी गेले, कोणत्या घरात कोणी कोणाला आधार दिला, हे तिला ठाऊक असेल. सुगी आटोपली की एक शंभर पानी वही आणा. रात्री जेवणे झाली की नातीला आजीजवळ बसवा. आजी सांगेल, नात लिहील. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. आजी मध्येच रडली तर थांबा, हसली तर तेही लिहा.

वही भरेल तेव्हा घरातल्या माणसांना कळेल, की इतकी वर्षे चुलीपुढे कोण बसले होते.